ओटकारकाकांचं पिंप

एखाद्याने आपलं राहतं घर सोडावं म्हणून त्याला बिअर करून द्यायची, असलं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगते.

जानेवारीत ओटकारकाका स्वतःच्याच पायऱ्यांवरून घसरले. चौऱ्याऐंशीचा माणूस, हातात राखेची बादली. बर्फावर राख टाकायला निघाले होते, कुणी येणारं-जाणारं पडू नये म्हणून. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी लिबुशे प्लझेनला राहते आणि माझ्या-त्यांच्या घरात एका कुंपणाचंच अंतर, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांच्यासोबत मी बसले. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडले.

"हेदविके, बादली आत घेतलीस का?"

"बादलीला काही झालेलं नाही काका. तुम्ही स्वतःचं बघा."

"चांगली बादली आहे ती," म्हणाले आणि परत डोळे मिटले.

हॉस्पिटल प्लझेनलाच, म्हणून मी चार-सहा दिवस लिबुशेकडेच राहिले. कोंबड्या आणि घराची किल्ली समोरच्या ब्लाझेनाकडे देऊन आले होते. परत आले तर कोंबड्या धडधाकट आणि स्वयंपाकघरात ताटभर सॉसेज झाकून ठेवलेले. त्यांच्याकडे डुक्कर कापलं होतं आणि शेजाऱ्यांचा वाटा पोचता केला होता. मला बरं वाटलं. ब्लाझेनाला मी जन्मभर नावं ठेवत आलेय, पण हाताची सढळ आहे. त्या सॉसेजबद्दल मी तिला काहीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण ते पुढे येईल.

काका वॉकरची चाकांची चौकट धरून चालायला लागले आणि घरी आले. लगोलग लिबुशेही आली. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी एक जागा होती, बागेकडची खोली मोकळी होणार होती. तिने हे सगळं खाली मान घालून सांगितलं. तिला वाईट ठरवता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, पण ती वाईट नाही. स्वतः चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, नोकरी आहे, गुडघे गेलेत. दर शनिवारी बसने येऊन बापाचे कपडे धुऊन जाते. आणखी काय करेल ती?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही खाली बसलो होतो, त्यांच्या हॉस्पोद्यात. म्हणजे जिथे आमचं अख्खं गाव जवळजवळ पन्नास वर्षं बिअर प्यायलं तिथे. चार टेबलं, एक शेगडी, पितळी नळ. गावात प्यायला माणसंच उरली नाहीत म्हणून त्यांनी तो बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. पण नळ अजून रोज पुसला जायचा.

या जागेवर मी पहिल्यांदा आले तेव्हा माझी हनुवटी नळापुढच्या फळीच्या खाली होती. बाबा संध्याकाळी मातीचा जग हातात द्यायचे आणि म्हणायचे, जा, सांडू नकोस. काका तेव्हा तरुण होते, मिशा होत्या. जग भरायचे आणि वर फेसाचा एक डोंगर चढवायचे. मला वाटायचं, हा माणूस किती उदार. फार उशिरा कळलं की तो फेस माझ्यासाठी असायचा. वाटेत पोरं फेस चाटणार हे गावातल्या प्रत्येक बापाला ठाऊक होतं आणि काका त्या हिशेबानेच भरायचे. घरी पोचेपर्यंत जग बरोबर काठोकाठ असायचा आणि माझ्या नाकावर पांढरा ठिपका. बाबा ठिपक्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. आता ना तसले जग राहिले, ना ते पाठवणारे बाप. असो.

"जाईन," काका म्हणाले. "नाही कशाला म्हणू? पण एक पिंप या नळातून माझ्या हाताने ओतीन, आणि मग जाईन."

"आजच मागवते," लिबुशे म्हणाली.

"विकतचं नको. लुबोर करायचा तसलं. हेदविका करेल."

लुबोर माझा नवरा. त्याला जाऊन चार हिवाळे झाले. मी म्हटलं, "काका, मी फक्त ढवळायचे. करायचा तो."

"तीस वर्षं ढवळलंस. लग्नं याहून कमी अनुभवावर होतात."

"आणि बिघडली तर?"

"तर दुसरी करशील. वाईट बिअर ओतून मी या घरातून जाणार नाही. चांगली झाली की नाही, ते मी सांगणार."

लिबुशेने बापाकडे बघितलं. ती हॉस्पोद्यात वाढलेली पोरगी; आमची फिकी सोनेरी बिअर घाईत होत नाही, ती थंडीत महिना-दोन महिने गुपचूप पडून राहते, तेव्हा कुठे तिला अक्कल येते, हे तिला सांगावं लागत नाही. बाप वेळ मागतोय हे तिला कळत होतं. तरी ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. तुम्ही सांगाल तेव्हा."

तर अशी ती अट होती. बिअर चांगली झाली की काका जाणार, आणि बिअर मी करणार.

फेब्रुवारीत मी धुण्याच्या खोलीतली चूल पेटवली. आमच्याकडे या चुलीत हंडा बसवलेला असतो. कपडे त्यातच उकळतात, डुक्कर कापलं की सूप त्यातच शिजतं. पण लुबोरचे हंडे दोन होते. एक डुकराचा, एक बिअरचा, आणि या दोघांची गाठ पडता कामा नये यावरून त्याने माझ्याशी, आईशी आणि एकदा पाद्र्याशीसुद्धा भांडण केलं होतं. डुकराचा हंडा मागच्या वर्षी गंजून गेला. बिअरचा तेवढा राहिला, त्याच्या वल्ह्याएवढ्या लांब लाकडी पळीसकट.

मोड आणून सुकवलेले जवाचे दाणे मी हाताच्या गिरणीत भरडले, टरफल शाबूत राहील इतपतच. पीठ केलंत तर पुढे गाळताना डोक्याला हात लावून बसाल. मग कोमट पाण्यात कालवलं. आता गावातली दोन-तीन नवी मंडळी घरी बिअर करतात, त्यांच्याकडे विजेची भांडी आहेत, आकडा दाबला की पाणी आपोआप तापतं. लुबोर त्यांना थर्मामीटरवाले म्हणायचा. आपली रीत जुनी. दाण्यांचा घट्ट भाग तिसरा हिस्सा दुसऱ्या भांड्यात काढायचा, तो चांगला रटरटा उकळायचा, आणि परत मूळ हंड्यात ओतायचा. त्या उष्णतेने सगळंच वर चढतं. मग पुन्हा एकदा तसंच. थर्मामीटरवाले म्हणतात, याची आता गरज नाही, हल्लीचे दाणे तसे राहिले नाहीत. नसेल गरज. पण त्या दुसऱ्या उकळीला खोलीत पावाच्या कडेचा आणि मधाचा जो वास भरतो, तो त्यांच्या आकड्यातून येत नाही. मी ढवळत होते आणि माझ्या डाव्या बाजूला लुबोर उभा नाही हे मला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं. रडले. खोटं कशाला सांगू? वाफेत कुणाला दिसत नाही.

गोड काढा गाळून घेतला, चोथा कोंबड्यांना घातला आणि काढ्याला उकळी आणून कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली. झातेत्स गावाकडची. ती तळहातावर चोळली की मी सतरा वर्षांची होते. सप्टेंबरात सगळ्या शाळेला हॉप्स तोडायला न्यायचे. दिवसभर वेली ओढायच्या, बोटं काळी व्हायची, आणि कितीही धुतली तरी पावाला कडू चव यायची. तिथे शेजारच्या ओळीत एक उंचाडा मुलगा होता. त्याची टोपली कधी भरायची नाही, कारण तो माझीच भरत बसायचा. मुकादमाने त्याला सगळ्यांदेखत आळशी म्हटलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. मग अशा मुलाशी लग्न न करून सांगते कुणाला?

यीस्ट आणायला जॅमची बरणी आणि एक केक घेऊन जवळच्या ब्रुअरीत गेले. केक दिला की बरणी भरून मिळते, ही वहिवाट आहे. मग सगळं टेकडीच्या पोटातल्या तळघरात नेऊन ठेवलं आणि वाट बघायला लागले.

ईस्टर झाल्यावर पिंप काकांच्या नळाला लावलं. लिबुशे आली, ब्लाझेना आणि तिचा नवरा रादिम आला, जुनी गिऱ्हाइकं जी उरलीत ती आली. काकांनी पांढरा एप्रन घातला होता. ग्लास थंड पाण्यात बुचकळले, फडक्याने पुसले नाहीत. फडक्याला तेलकटपणा असतो आणि फेसाचा तो वैरी. या माणसाने आयुष्यभर लोकांना तोंड पुसायला लावून मगच ग्लास हातात दिलाय. चरबी लावलेला पाव खाऊन येणाऱ्याला आधी हातरुमाल, मग बिअर.

त्यांनी नळ उघडला. रंग सुरेख होता. फेस वर आला, मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा, आणि आम्ही बघता बघता बसला. ग्लासात नुसतं पिवळं पाणी उरलं. काकांनी दुसरा ग्लास भरला. तेच.

त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला.

"डुक्कर," ते म्हणाले.

मला वाटलं, मला म्हणाले. "काका, तोंड सांभाळा."

"तुला नाही. यात डुक्कर आहे."

मी म्हणणार होते की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, तेवढ्यात माझी नजर ब्लाझेनाकडे गेली. ती बीटासारखी लाल झाली होती.

"ब्लाझेना?"

"अगं, तू हॉस्पिटलात होतीस. आमच्या हंड्याला भोक पडलं नेमकं त्याच दिवशी. डुक्कर कापून टांगलेलं, कसाई खोळंबलेला, आता काय त्याला सांगू, परत जिवंत कर?"

"म्हणून लुबोरच्या हंड्यात रक्ताचं सूप केलंस."

"नंतर राखेने घासला की. आरशासारखा."

"आणि ढवळलंस कशाने?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. रादिम हळूच म्हणाला, "पळीने. तिथेच टांगली होती."

लाकडी पळी. लाकूड चरबी पितं आणि राखेने ती निघत नाही. गरम काढ्यात गेल्यावर मात्र निघते. मी ब्लाझेनाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "सॉसेज तर मिटक्या मारत खाल्लेस." ते खरं होतं आणि त्याने मी आणखीच भडकले.

रादिमने तेवढ्यात अर्धा ग्लास रिचवला होता. "चव बरी आहे."

"ठेव तो खाली," काका म्हणाले. "हे मी कुणाला देणार नाही." त्यांनी नळ बंद केला, एप्रन सोडला, घडी घातली. मग लेकीकडे वळून अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले, "लिबुशे, नाही झाली बघ चांगली."

लिबुशे बाहेर जाऊन फोनवर बोलली. तिथले लोक जुलैपर्यंत थांबायला तयार झाले. संध्याकाळी कुंपणापलीकडून मला शीळ ऐकू आली. काका चौकटीला टेकून वाफ्यातलं गवत उपटत होते.

"बघ," ब्लाझेना दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "माझ्या डुकराने म्हाताऱ्याला चेरीचा बहर दाखवला. तुझ्या चांगल्या बिअरने काय दाखवलं असतं? गाडी." मी दार लावून घेतलं. पण आत येऊन हसले, आणि मग मला वाटलं, ती बया म्हणते त्यात चूक काय आहे?

दुसरा घाणा एप्रिलच्या शेवटी घातला. रादिमने बीचच्या लाकडाची कोरी पळी करून आणली आणि एक शब्द न बोलता टेकवून गेला. हंडा मी सोड्याने तीनदा उकळून काढला. काका धुण्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. एका शब्दाने सूचना केली नाही, फक्त दुसऱ्या उकळीला म्हणाले, "अजून थोडं," आणि थोडंच हवं होतं. मग दमले आणि जरा पडायला घरी गेले.

दुपारी ब्लाझेनाने जेवायला पाव आणि वाटीभर चरबी पाठवली. खिडकीत ठेवली होती. हंडा उकळत होता, मी एकटी होते. मी वाटीकडे बघितलं.

सुरीच्या टोकावर मावेल एवढीशी पुरली असती. कुणाला कळलं नसतं. दोष पुन्हा ब्लाझेनाच्या डोक्यावर गेला असता आणि तिला त्याची सवय आहे. काकांना शरद ऋतू मिळाला असता, सफरचंदं उतरवायला मिळाली असती, कदाचित बर्फ पडेपर्यंतही निभावलं असतं. मी सुरीवर चरबी घेतली आणि हंड्यापाशी गेले. वर हॉप्सचा वास येत होता, खालचा काढा नितळ लालसर दिसत होता. माझ्या हातून इतका चांगला काढा कधी झाला नव्हता. लुबोरच्याही हातून, देवाशपथ, दोन-चारदाच झाला असेल. सुरी धरून मी किती तरी वेळ उभी राहिले. हात पुढे जाईना. शेवटी ती चरबी पावाला लावली, वर मीठ भुरभुरलं आणि उभ्या उभ्याच खाल्ली, स्वतःवर चिडून.

मे गेला, जून गेला. काका रोज कुंपणाशी येऊन विचारायचे, "कशी आहे ती?" जणू तळघरात कुणी बाळंतीण ठेवलीय. मी सांगायचे, "झोपलीय." ते म्हणायचे, "झोपू दे, झोपू दे." संध्याकाळी हॉस्पोद्याच्या दारात बाकावर बसायचे आणि मला गावातली गेलेली माणसं एकेक करून सांगायचे: कोण उभ्यानेच प्यायचा, कोण फेस फुंकायचा, कुणाच्या ग्लासात शेवटचा घोट कायम राहायचा. माझ्या बाबांबद्दल म्हणाले, ते हळू प्यायचे आणि निघताना खुर्ची आत ढकलायचे. मला हे माहीत नव्हतं. असं आणखी किती त्यांच्याजवळ होतं आणि ते सगळं प्लझेनला एका बागेकडच्या खोलीत जाणार होतं. तिथे बाबांना ओळखणारं कोण?

जुलैत पिंप वर आणलं. मंडळी तीच. ब्लाझेना हात धुऊन आली होती आणि ते सगळ्यांना दाखवत होती. लिबुशेची गाडी दारात होती, मागच्या सीटवर काकांची बॅग आधीच भरून ठेवलेली.

काकांनी ग्लास बुचकळला, तिरपा धरला, नळ उघडला. त्यांचा हात एरवी कापतो, नळावर कापत नव्हता. आधी पांढरं आलं, घट्ट, साईसारखं, मग त्याखालून सोनेरी वर चढत गेलं. त्यांनी ग्लास फळीवर ठेवला.

आम्ही फेसाकडे बघत बसलो. तो हलेना. रादिमने खिशातून काड्यापेटीतली काडी काढून काकांच्या हातात दिली; काकांनी ती फेसात उभी केली आणि ती उभी राहिली. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मी मनात म्हणत होते, पड गं बाई, पड. काडी उभीच.

लिबुशे खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. म्हणाली, "बाबा, काही कमी-जास्त वाटलं तर सांगा. मला घाई नाही. ते लोक अजून थांबतील."

तिने दार उघडून दिलं होतं. एक शब्द पुरला असता. जरा कडू आहे, जरा कच्ची आहे, काहीही. या खोलीत त्यांचा शब्द खोडणारं कुणी नव्हतं, आणि खोडायची कुणाची इच्छाही नव्हती. ब्लाझेना तर माझ्या कानात पुटपुटली, "म्हण रे म्हाताऱ्या, वाईट म्हण."

काकांनी काडी काढली आणि प्यायले. ग्लास खाली ठेवला तेव्हा आत काचेवर फेसाचं एक कडं राहिलं होतं. दुसरा घोट घेतला, दुसरं कडं. त्यांनी ग्लास फिरवून ती कडी बघितली. भिंतीकडे, टेबलांकडे, शेगडीकडे बघितलं. त्यांच्या मिशा कधीच्या गेल्यात, तरी वरच्या ओठावर पांढरी रेघ होती आणि ती त्यांनी पुसली नाही.

"चांगली आहे," ते म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. लिबुशेचे खांदे हलले. काकांनी पुढचा ग्लास पाण्यात बुचकळला, भरला आणि पहिला मला दिला. फळीवरून वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "थोडी बिघडवायची होतीस गं."

"बिघडवायला गेले होते काका. जमलं नाही."

"हं," ते म्हणाले. "मलाही नाही जमलं."

मग त्यांनी तिसरा ग्लास उचलला आणि रादिमला आधी तोंड पुसायला सांगितलं.